राइड तीच, पाटी नवी: अम्युझमेंट पार्कमधली कार्टून्स का बदलतात आणि मोठ्यांच्या मनाला का लागतं

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटी शहराजवळ, किंग्ज आयलंड नावाचं मोठं अम्युझमेंट पार्क आहे. तिथल्या लहान मुलांच्या विभागात एक छोटा लाकडी रोलर कोस्टर आहे. १९७२ मध्ये पार्क सुरू झालं तेव्हा त्याचं नाव होतं 'स्कूबी-डू'. १९८० मध्ये तो 'द बीस्टी' झाला, २००६ मध्ये 'द फेअरली ऑड कोस्टर', आणि २०१० पासून तो 'वुडस्टॉक एक्स्प्रेस' आहे (वुडस्टॉक म्हणजे स्नूपी या कार्टून कुत्र्याचा पक्षी मित्र). लाकडी सांगाडा तोच, वळणं तीच, पहिल्या उतारावर पोटात येणारा गोळाही तोच. बदलत गेली ती पाटी, रंग आणि पाटीवरचं कार्टून.

या एकाच कोस्टरबद्दल वेगवेगळ्या वयाच्या लोकांना विचारलं तर प्रत्येक जण वेगळं नाव सांगेल. साठीला टेकलेला माणूस स्कूबी-डू म्हणेल, चाळिशीतली बाई बीस्टी म्हणेल, नुकतं कॉलेज संपवलेला मुलगा फेअरली ऑड म्हणेल. आणि प्रत्येकाला मनातून वाटत असेल की आपण सांगितलं तेच खरं नाव, बाकीची नंतर चिकटवलेली. ज्याच्या काळात जी पाटी होती, ती त्याच्यापुरती मूळ पाटी.

आपल्या वेळची पाटी गेली की मोठ्यांना हळहळ वाटते, आणि या हळहळीला लोक सहसा पोरकट ठरवतात. 'एवढं काय, एक कार्टूनच तर बदललं' म्हणतात आणि विषय संपवतात. मला ते पटत नाही. त्या बदललेल्या पाटीमागे कंपन्यांची खरेदी-विक्री आहे, करारांतली कलमं आहेत, आणि आपली स्मरणशक्ती कशाच्या आधाराने उभी राहते याचाही उलगडा तिथे होतो. शिवाय ही हळहळ मुलांच्या विभागाबद्दलच एवढी तीव्र का, याला एक अगदी ठोस कारण आहे. त्याकडे पुढे येतो. आधी धंद्याची बाजू.

मुळात कार्टून लागतंच कशाला?

मोठ्यांच्या रोलर कोस्टरला कार्टूनची गरज पडत नाही. उंची, वेग, उलटे फेरे, एवढ्या भांडवलावर तो गर्दी खेचतो. लहान मुलांच्या राइडकडे यातलं काहीच नसतं. तिचा वेग बेताचा, उंची बेताची. त्यातून या राइड्स बहुतेक वेळा ठरलेल्या साच्यातल्या असतात. इटलीतल्या झाम्पेर्लासारख्या कंपन्या त्या तयार करतात आणि जगभरच्या पार्कांना विकतात: गोल फिरणारी छोटी विमानं, बसल्या जागी वर-खाली उड्या मारणारं बाकडं, फिरते कप, रुळांवरची बुटकी आगगाडी. दोन देशांतल्या दोन पार्कांमधलं विमान आतून अगदी एकच असू शकतं. वेगळेपण येतं ते विमानाच्या नाकावर कोण बसलंय यावरून. तिथे स्नूपी बसला की ते स्नूपीचं विमान.

कार्टूनची ओळख मूल घरूनच घेऊन येतं, हाही मोठा फायदा. टीव्हीवर रोज भेटणारं पात्र दिसलं की चार वर्षांचं मूल अनोळखी यंत्रात बसायला तयार होतं. मग त्या पात्राच्या वेशातल्या माणसाबरोबर फोटो होतो, बाहेर पडताना दुकानात त्याचीच बाहुली आणि टी-शर्ट असतो. राइडच्या पैशांइतकंच या दुकानाच्या गल्ल्याकडेही पार्कचं लक्ष असतं.

पण ही पात्रं बहुतेक पार्कांच्या मालकीची नसतात. घर स्वतःचं आणि आतलं सामान भाड्याचं, अशी ती व्यवस्था असते. पात्राच्या मालक कंपनीशी परवान्याचा करार होतो. कोणती पात्रं, कोणत्या पार्कांत, किती वर्षांसाठी, हे त्यात ठरतं. पार्कने ठराविक रक्कम द्यायची असते आणि विकल्या जाणाऱ्या वस्तूंमागे टक्केवारीने रॉयल्टी. पात्राचा रंग नेमका कोणता, कान किती लांब, तो कोणत्या पोझमध्ये उभा राहू शकतो, यावर मालकाची मान्यता लागते. मुदत संपली आणि करार पुढे वाढला नाही, की चित्रं, पुतळे, नावं, संगीत सगळं उतरवावं लागतं. एखाद्या हंगामाच्या शेवटी योगी बेअर हे कार्टूनमधलं अस्वल निरोप घेऊन गेलं आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचं नावनिशाणही दिसलं नाही, यामागे बहुधा असं एखादं कलम असतं. पार्कमधल्या कुणाला योगी नकोसा झाला होता असं समजायचं कारण नाही.

एका पार्कची वंशावळ

किंग्ज आयलंडचीच गोष्ट पुढे नेतो, कारण या व्यवहारातले जवळपास सगळे प्रकार तिथे एकाच जागी घडले.

टाफ्ट ब्रॉडकास्टिंग या कंपनीने साठच्या दशकात हॅना-बार्बेरा हा कार्टून स्टुडिओ विकत घेतला. फ्लिन्टस्टोन्स, योगी बेअर, स्कूबी-डू ही त्या स्टुडिओची मंडळी. मग टाफ्टने पार्क बांधलं. पार्क आणि पात्रं एकाच मालकाची असल्याने मुलांच्या विभागाला 'हॅपी लँड ऑफ हॅना-बार्बेरा' हे नाव मिळालं, आणि त्यासाठी बाहेरच्या कुणाची परवानगी लागली नाही. हाच नमुना पुढे व्हर्जिनियातल्या किंग्ज डोमिनियनमध्ये, दोन कॅरोलिनांच्या सीमेवरच्या कॅरोविंड्समध्ये आणि टोरांटोजवळच्या कॅनडाज वंडरलँडमध्ये वापरला गेला. चारही ठिकाणी छोटा लाकडी कोस्टर आला आणि चारही ठिकाणी त्याला स्कूबीचं नाव मिळालं. म्हणून या चार पार्कांच्या आसपास वाढलेल्या लोकांच्या आठवणी एकमेकांशी इतक्या जुळतात की कधी कधी ते एकाच पार्कबद्दल बोलताहेत असं वाटतं.

ऐंशीच्या दशकात ही घडी विस्कटली. १९८४ मध्ये टाफ्टने पार्कांचा व्यवसाय वेगळा काढला. पुढे टाफ्टचीच मालकी बदलली. १९९१ मध्ये हॅना-बार्बेरा स्टुडिओ टर्नर या टीव्ही कंपनीकडे गेला, आणि १९९२ मध्ये पार्कं पॅरामाउंट या सिनेमा कंपनीकडे गेली. एका घरात जन्मलेली भावंडं दोन वेगळ्या कंपन्यांची झाली. स्कूबी तिथेच उभा होता, मुलं त्याला मिठ्या मारत होती, पण कागदोपत्री तो आता पाहुणा होता.

१९९४ मध्ये व्हायाकॉम या माध्यम कंपनीने पॅरामाउंट घेतलं. व्हायाकॉमकडे निकलोडियन ही मुलांची वाहिनी आधीपासून होती. मग स्वतःची पात्रं हाताशी असताना दुसऱ्याच्या पात्रांवर पैसे का खर्च करायचे, हा हिशेब कुणीही मांडला असता. १९९५ मध्ये किंग्ज आयलंडमध्ये 'निकलोडियन स्प्लॅट सिटी' आली, नंतर तिची 'निकलोडियन सेंट्रल' झाली, आणि २००६ मध्ये हॅना-बार्बेराची उरलीसुरली जागा धरून मुलांचा सगळा विभाग 'निकलोडियन युनिव्हर्स' झाला.

ते २००६ साल मला या सगळ्या कहाणीत फार बोलकं वाटतं. वर्षाच्या सुरुवातीला व्हायाकॉमचे दोन भाग झाले. पार्कं सीबीएस या भागाच्या वाट्याला आली, निकलोडियन दुसऱ्या भागात राहिलं. वसंतात नवा विभाग थाटात उघडला. आणि ३० जूनला सीबीएसने पार्कांचा सगळा व्यवसाय सीडार फेअर या कंपनीला १.२४ अब्ज डॉलरला विकला. नव्या रंगाचा वास जायच्या आत निकलोडियनचे स्पंजबॉब आणि डोरा परक्याच्या अंगणात उभे होते. सीडार फेअरने १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातलं नॉट्स बेरी फार्म घेतलं होतं, जिथे १९८३ पासून 'कॅम्प स्नूपी' आहे. म्हणजे तिच्याकडे स्नूपी-चार्ली ब्राउनचा परवाना होताच. दोन-दोन परवाने किती दिवस पोसणार? २०१० मध्ये निकलोडियनची पाटी उतरली आणि 'प्लॅनेट स्नूपी' आलं.

या मोठ्या वळणांवर निर्णायक ठरली ती मालकी. मुलांना कशाचा कंटाळा आला म्हणून स्कूबी किंवा डोरा गेले असं दिसत नाही. 'अम्युझमेंट टुडे' या व्यावसायिक प्रकाशनाच्या गोल्डन तिकीट पुरस्कारांत किंग्ज आयलंडचा मुलांचा विभाग २००१ पासून सलग १८ वर्षं सर्वोत्तम ठरला. त्या काळात तिथे आधी हॅना-बार्बेरा होतं, मग निकलोडियन, मग स्नूपी. जागेची आखणी, सावली, राइड्सची संख्या, रांगांची सोय या गोष्टींवर तो विभाग उभा होता, आणि त्या कुठल्याच करारात नव्हत्या.

मिनेसोटात याच्या अगदी उलटी गोष्ट घडली. मॉल ऑफ अमेरिका या प्रचंड मॉलच्या पोटात १९९२ पासून छताखालचं पार्क होतं, त्याचं नाव 'कॅम्प स्नूपी'. २००६ मध्ये परवाना संपला, स्नूपी गेला, आणि काही काळ त्या जागेला 'द पार्क ॲट एमओए' असं कोरडं नाव होतं. २००८ मध्ये तिथे 'निकलोडियन युनिव्हर्स' आलं. म्हणजे ओहायोतल्या मुलाला स्नूपी हा निकलोडियनला हुसकावून आलेला उपरा वाटतो, आणि मिनेसोटातल्या मुलीला निकलोडियन हे स्नूपीच्या जागेवर बसलेलं वाटतं. दोघांची हळहळ खरी आहे. कोणतं कार्टून अधिक चांगलं याच्याशी तिचा संबंध नाही, हे या दोन गावांची तुलना केली की लख्ख दिसतं.

पैशांची चणचण आणि म्हातारी होणारी पात्रं

मालकीबदलाखेरीज दोन कारणं राहिली. त्यातलं एक साधं आहे: पैसे संपणं. सिक्स फ्लॅग्ज या कंपनीच्या पार्कांत १९८५ च्या सुमारापासून बग्ज बनी आणि लूनी ट्यून्सची मंडळी आहेत आणि ती टिकून राहिली. पण २००७-०८ च्या आसपास तिने थॉमस द टँक इंजिन हे कार्टूनमधलं निळं इंजिन आणि द विगल्स हा मुलांसाठी गाणारा गट यांच्या नावाने नवे विभाग उभारले. २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीत संरक्षण मागितलं आणि २०१० च्या शेवटी हे दोन्ही परवाने सोडून दिले. राइड्स राहिल्या, निळ्या इंजिनाचा चेहरा गेला. जेमतेम तीन-चार हंगाम टिकलेल्या त्या विभागांत जी मुलं तेव्हा रमली, ती आता तरुण आहेत, आणि त्यांच्या बालपणाची ती जागा फोटोंखेरीज कुठेच उरलेली नाही. इतक्या थोड्या दिवसांसाठी मुलांचा अख्खा विभाग एका नावाला बांधणं मला धंद्याच्या दृष्टीनेही चुकीचं वाटतं.

दुसरं कारण म्हणजे पात्रं म्हातारी होतात. ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओजमध्ये १९९९ पासून वुडी वुडपेकरच्या नावाचा किडझोन होता. वुडी १९४० सालचा आणि युनिव्हर्सलच्याच मालकीचा, त्यामुळे परवान्याचा प्रश्नच नव्हता. तरीही जानेवारी २०२३ मध्ये त्या विभागाचा बराचसा भाग बंद झाला आणि जून २०२४ मध्ये तिथे 'ड्रीमवर्क्स लँड' उघडलं. युनिव्हर्सलच्या मालक कंपनीने २०१६ मध्ये ड्रीमवर्क्स ॲनिमेशन घेतलं होतं, त्यामुळे ट्रोल्स आणि श्रेक आता घरचेच होते. वुडीच्या नावाचा छोटा कोस्टर ट्रोल्सच्या नावाने धावू लागला. आजच्या चार वर्षांच्या मुलाला वुडी कोण हे ठाऊक नसेल तर पाटीवरचा वुडी त्याच्या दृष्टीने केवळ एक लाल शेंडीचा पक्षी. इथे पार्कने केलं ते मी चूक म्हणणार नाही.

आणि सगळं पार्कच एका कार्टूनवर उभं असेल तर? साउथ डकोटातल्या कस्टर गावात फ्लिन्टस्टोन्सचं 'बेडरॉक सिटी' १९६६ पासून होतं, ते २०१५ मध्ये बंद झालं. तिथे नवी पाटी लावून पुढे चालू शकेल असं मोठं यंत्रच फारसं नव्हतं. दगडी घरांसारखी दिसणारी घरं हीच तिथली मौज होती.

मुलांच्याच विभागाचं एवढं का लागतं?

आता ते ठोस कारण. पार्कमधले बाकीचे विभाग माणूस सलग बघत राहतो. शाळेत असताना, कॉलेजात असताना, नोकरी लागल्यावर मित्रांबरोबर, तो त्याच मोठ्या कोस्टरवर जातो. काही बदललं तर ते त्याच्या डोळ्यांदेखत, थोडं थोडं बदलतं. मुलांचा विभाग मात्र मूल आठ-नऊ वर्षांचं झालं की सुटतो. उंची मोजायच्या पट्टीच्या वर डोकं गेलं की तिकडे फिरकायचं कारण उरत नाही, उलट त्या वयात तिकडे जाण्याची लाजच वाटते. मग तो थेट परत येतो स्वतःचं मूल घेऊन. मध्ये वीस-पंचवीस वर्षं गेलेली असतात.

या वीस-पंचवीस वर्षांत करार संपतात, कंपन्या विकल्या जातात. किंग्ज आयलंडमध्ये १९७२, १९९५, २००६ आणि २०१० हे टप्पे पाहिले तर एक पिढी पुन्हा तिथे पोचायच्या आत पात्रं किमान एकदा बदललेली असणार हे उघड आहे. 'मी ज्याच्याबरोबर फोटो काढला त्याच्याबरोबरच माझं मूलही काढेल' ही साधी इच्छा बहुतेकांची अपुरी राहते ती या दोन चक्रांची गती जुळत नाही म्हणून. आणि बदल हळूहळू दिसला नसल्याने सगळा एकदम अंगावर येतो.

त्यात वयाचा मुद्दा आहे. तीन-साडेतीन वर्षांआधीचं मोठेपणी जवळपास काहीच आठवत नाही, आणि सहा-सात वर्षांपर्यंतचंही तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मानसशास्त्रात याला बालपणीचं विस्मरण म्हणतात. मुलांच्या विभागात आपण जातो ते नेमकं याच वयात. तिथली आठवण सलग गोष्टीसारखी नसते. पिवळा रंग, पायाला भाजणारी फरशी, एक मोठं फायबरचं डोकं, कुणाचा तरी घट्ट धरलेला हात, एवढंच असतं. असे तुकडे आपणहून वर येत नाहीत. त्यांना बाहेरून काहीतरी खूण लागते.

खूण आणि आठवण यांच्या नात्यावर १९७५ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी पाणबुड्यांना काही शब्द पाठ करायला दिले, कधी किनाऱ्यावर, कधी पाण्याखाली. पाण्याखाली पाठ केलेले शब्द पाण्याखालीच जास्त आठवले, किनाऱ्यावरचे किनाऱ्यावर. म्हणजे आठवणीबरोबर जागाही साठवली जाते, आणि जागेची खूण हलली की आठवणीकडे जाणारी वाट अवघड होते. मुलांच्या विभागातली सगळ्यात ठळक खूण म्हणजे कार्टून. यंत्राचा सांगाडा मुलाने कधी नीट पाहिलेलाच नसतो. म्हणून 'राइड तर तीच आहे ना' ही समजूत उपयोगी पडत नाही. आपल्या बाजूने पाहिलं तर जे बदललं तेच नेमकं आठवणीचं हँडल होतं.

आणि त्या हँडलला काय लटकलेलं असतं? साउथॅम्प्टन विद्यापीठातले कॉन्स्टंटिन सेडिकिडीज आणि टिम विल्डशूट यांनी या भावनेवर बरीच वर्षं संशोधन केलंय. लोकांना गतकाळाबद्दलच्या ओढीचे अनुभव लिहायला सांगितले तेव्हा त्यांत सगळ्यात जास्त आढळली ती जवळची माणसं आणि त्यांच्याबरोबरचे महत्त्वाचे प्रसंग. एकटेपणाच्या वेळी ही ओढ वाढते आणि तिच्यातून आपल्यामागे माणसं आहेत असा आधारही मिळतो, असंही या संशोधनातून दिसलं. योगी बेअरसाठी हळहळणारा माणूस बऱ्याचदा योगीच्या शेजारी उभ्या असलेल्या वडिलांसाठी हळहळत असतो. ते थेट बोलणं अवघड जातं, योगीबद्दल बोलणं सोपं असतं.

इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. या विषयावरचा माझ्या मते सगळ्यात नेमका प्रयोग एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांचा आहे. त्यांनी लोकांना डिस्नीलँडची एक बनावट जाहिरात दाखवली, जिच्यात बग्ज बनी होता. बग्ज बनी वॉर्नर ब्रदर्सचा. डिस्नीच्या पार्कात तो भेटणं शक्यच नाही. तरीही एका प्रयोगात ही जाहिरात पाहिलेल्यांपैकी १६ टक्के लोकांनी नंतर सांगितलं की लहानपणी डिस्नीलँडमध्ये आपल्याला बग्ज बनी भेटला होता. काहींना त्याच्याशी हात मिळवल्याचंही आठवत होतं. बनावट आठवण ओळखायला संशोधकांनी पात्रांच्या मालकीचाच उपयोग करून घेतला.

म्हणून जुन्या पार्कांच्या आठवणींवरून वाद झाले की मी दोन्ही बाजू जरा सबुरीने ऐकतो. 'एकाच दिवशी स्कूबी आणि स्पंजबॉब दोघे भेटले' असं कुणी म्हणालं तर ते अशक्य वाटतं. पण किंग्ज आयलंडमध्ये २००६ ते २००९ दरम्यान ते खरोखर शक्य होतं, कारण सगळा विभाग निकलोडियनचा झाल्यावरही स्कूबीची एक राइड तिथे चालूच होती. त्या राइडच्या इमारतीची गोष्ट वेगळी सांगण्यासारखी आहे.

पाच नावांची इमारत

१९७२ मध्ये तिथे 'एन्चांटेड व्हॉयेज' ही होडीतली सफर होती, हॅना-बार्बेराच्या पात्रांच्या हलत्या बाहुल्यांमधून जाणारी. १९८४ मध्ये तीच होडी स्मर्फ्सच्या निळ्या जगातून जाऊ लागली. १९९२ मध्ये पाणी काढून टाकलं, फिरत्या गाड्या बसवल्या आणि 'फँटम थिएटर' आलं: भुतांनी भरलेलं जुनं नाट्यगृह, त्यात ऑर्गन वाजवणारा माएस्ट्रो नावाचा भूत. ही पात्रं कुठल्याही वाहिनीची नव्हती, या राइडसाठीच तयार केलेली होती. २००३ मध्ये ते गेलं आणि लेझरची बंदूक घेऊन भुतं टिपायचा 'स्कूबी-डू अँड द हॉन्टेड कॅसल' आला. २०१० मध्ये परवाना संपल्यावर स्कूबी आणि त्याच्या मित्रांना काढून तीच राइड 'बू ब्लास्टर्स ऑन बू हिल' या नावाने चालू राहिली. भुतं आणि बंदुका राहिल्या, फक्त ज्यांच्या नावाने लोक आत येत होते ती मंडळी नाहीशी झाली. स्कूबी पाहून मोठ्या झालेल्या माणसाला त्या राइडमध्ये बसणं कसं वाटत असेल याची कल्पना करून बघा.

मग २०२५ मध्ये पार्कने जाहीर केलं की बू ब्लास्टर्सच्या जागी 'फँटम थिएटर: ओपनिंग नाइटमेअर' येणार, २०२६ च्या हंगामासाठी. माएस्ट्रो परततोय. १९९२ मध्ये सहा-सात वर्षांची असलेली मुलं आता चाळिशीत आहेत, मुलाबाळांची आहेत, आणि पार्कचं तिकीट तीच काढतात. स्मर्फ्स परत आले नाहीत, स्कूबी परत आला नाही. त्यांच्यासाठी दुसऱ्या कंपनीच्या दारात जावं लागलं असतं. माएस्ट्रो परत येऊ शकला कारण त्याच्या परतण्यासाठी कुठल्या कार्टून कंपनीची परवानगी लागत नव्हती.

छोट्या लाकडी कोस्टरनेही हेच दाखवलंय. त्याचं सगळ्यात जास्त काळ टिकलेलं नाव 'बीस्टी' हे आहे, १९८० ते २००५. तेही कुठल्या कार्टूनचं नाही. पार्कमध्ये १९७९ साली 'द बीस्ट' नावाचा प्रचंड लाकडी कोस्टर आला होता, त्याचं हे पिल्लू म्हणून बीस्टी. पार्कांनी मुलांच्या विभागात भाड्याच्या पात्रांबरोबर निदान एखादी तरी राइड अशी स्वतःच्या नावाची ठेवावी असं मला मनापासून वाटतं. तशी राइड असेल तर विभागाची पाटी कितीदाही बदलो, आजोबा, आई आणि नात तिघांना एकच नाव सांगता येईल. आणि राइडच्या दाराशी एक छोटी पट्टी लावायला खर्च तो किती? 'या राइडची आधीची नावं' आणि समोर सालं, बस. पात्राचं चित्र न वापरता केवळ इतिहासाची नोंद करायला कंपन्या परवानगी देतील असं वाटतं. विचारून तरी बघायला हवं.

आपल्या बाजूने करता येण्यासारखंही आहे. मुलांचे फोटो काढताना आपण चेहऱ्याच्या इतके जवळ जातो की मागची राइड, पाटी, रंग काहीच येत नाही. दोन-चार फोटो मुद्दाम लांबून काढावेत, नाव दिसेल असे. पुढे तेच फोटो साल ठरवायला उपयोगी पडतात आणि बग्ज बनीसारख्या चुकाही त्यांनीच पकडता येतात. विभागात वाजणारं संगीत मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवावं, कारण पाट्यांचे फोटो निदान कुणी ना कुणी काढतं, संगीत मात्र सहसा कुणीच जपत नाही.

१ जुलै २०२४ ला सीडार फेअर आणि सिक्स फ्लॅग्ज एक झाल्या. त्यामुळे स्नूपी आणि बग्ज बनी आता एकाच कंपनीच्या पार्कांमध्ये आहेत, वेगवेगळ्या गावांत. दोन्ही परवाने पुढे किती वर्षं चालतील हे ठरवणारी मंडळी मुलांच्या विभागापासून फार लांब बसलेली असतात, पण त्यांच्या कामाची एक खूण तिथेच हाताशी असते. खेळण्याच्या लेबलवर किंवा पाटीच्या तळाशी अगदी बारीक अक्षरांत कॉपीराइटची ओळ असते. तिच्यात पात्राच्या मालकाचं नाव असतं. ते नाव आणि पार्कच्या तिकिटावरचं नाव वेगळं असेल तर मुलाचा त्या पात्राबरोबरचा फोटो याच भेटीत काढून घ्यावा, पुढच्या वर्षावर ठेवू नये.